धुक्याची उधळपट्टी

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं. दाट धुक्यामुळे सकाळची सगळी उड्डाणं थांबवण्यात आली आहेत. थोड्याच वेळात धुक्याची उधळपट्टी होण्याची शक्यता आहे. धन्यवाद."

विमानतळाच्या हॉलमधल्या माना स्पीकरकडे वळल्या. मग कोपऱ्यातून कुणीतरी फिस्सकन हसलं, त्याला दुसऱ्यानं साथ दिली, आणि बघता बघता अख्खा हॉल खिदळायला लागला. एक गृहस्थ तर खुर्चीवरून उठून ओरडले, "उधळा हो उधळा! होऊ दे खर्च!"

काचेच्या खोक्यात मायक्रोफोनसमोर बसलेली उद्घोषिका कानाच्या पाळीपर्यंत लाल झाली. चूक झाली होती हे कळत होतं, पण नेमकी काय ते कळत नव्हतं. विमानतळ छोटा होता. हवामान कक्षातून इंग्रजीत कागद यायचा आणि तो मराठीत करून द्यायला एक अनुभवी बाई होत्या. त्या बाळंतपणाच्या रजेवर गेल्या, आणि ते काम हिच्या गळ्यात पडलं. आजच्या कागदावर 'डिसिपेट' असा शब्द होता. तिकडे मॅनेजर काचेपलीकडून हातवारे करत होते, 'बोला, बोला!' तिनं घाईघाईनं मोबाइलमध्ये शब्द शोधला, पहिला अर्थ उचलला आणि वाचून मोकळी झाली.

काचेवर टकटक झाली. बाहेर एक उंच, किडकिडीत तरुण उभा होता. केस ओले, स्वेटरवर दवाचे बारीक थेंब... जणू धुक्यातूनच कुणीतरी त्याला ओढून काढलं होतं.

"उधळपट्टीची घोषणा आपणच केलीत का?"

"तुम्ही कोण?"

"हवामान कक्ष. धुकं आमच्या अखत्यारीत येतं." त्याचा चेहरा अगदी गंभीर होता. "आणि खरं सांगतो, उधळायला आमच्याकडे तेवढं बजेट नाही."

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. "हसून झालं असेल तर कामाचं सांगा. डिसिपेट म्हणजे काय?"

"विरणं."

"मग सरळ 'धुकं जाईल' असं लिहायला काय होतं?"

"जाईल कुठे?" तो म्हणाला. "धुकं कुठे जात नाही हो. ऊन लागलं की जागच्या जागी, थेंब थेंब करत हवेत मिसळून जातं. आपण बघत असतो, आणि... नसतंच. म्हणून विरणं."

बोलता बोलता त्यानं बोटं अशी अलगद सुटी केली, की तिची नजर नकळत त्या बोटांवर थांबली. मग तिनं मान झटकली आणि मायक्रोफोनचं बटण दाबलं. "क्षमस्व. धुकं उधळणार नाही, विरणार आहे."

हॉलमध्ये टाळ्या पडल्या. आणि खरंच, चहाचे कप रिकामे होईपर्यंत धावपट्टीपलीकडची झाडं एकेक करून दिसायला लागली.

त्याला सगळे ढगोबा म्हणत, हे तिला त्याच दिवशी कळलं. चालताना नजर कायम वर, त्यामुळे दारांना, खांबांना आणि एकदा तर थेट मॅनेजरसाहेबांनाच धडकला होता म्हणे. हवामानाचा कागद रोज शिपाई आणून टाकायचा. दुसऱ्या दिवसापासून मात्र ढगोबा स्वतः यायला लागला, आणि इंग्रजी ओळीखाली मराठी ओळ लिहूनच आणायला लागला.

"शिपाईमामा आजारी आहेत का?" तिनं विचारलं.

"छे! ठणठणीत आहेत."

"मग?"

"त्यांचे गुडघे दुखतात."

"ठणठणीत माणसाचे?"

"...दुखतील. माझा अंदाज आहे."

ती हसू दाबत कागदात तोंड खुपसायची. त्या एका 'डिसिपेट' शब्दानं मात्र दोघांना चांगलंच खाद्य पुरवलं. तो आला की ती एक प्रश्न टाकायची, आणि तो काचेला टेकून उत्तर द्यायचा.

"गर्दी डिसिपेट झाली तर?"

"पांगते."

"पूर?"

"ओसरतो."

"वडिलांनी कमावलेली इस्टेट?"

"ती उधळली जाते. तुमचा मोबाइल खोटं नव्हता बोलत. त्याला फक्त धुकं आणि वाया गेलेला मुलगा यातला फरक कळला नाही."

"आणि राग?"

"कुणाचा?"

"समजा... माझा."

त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं, आभाळाकडे पाहावं तसं. "तुमचा निवळतो. पण आधी बराच गडगडाट होतो."

"जा तुम्ही कामाला!" ती म्हणायची. तो जायचा. आणि मग दिवसभर तिच्या घोषणा अशा काही गोड व्हायच्या, की हरवलेल्या बॅगेची बातमीसुद्धा लोकांना आनंदाची वाटायची.

तिच्या आईची लाँड्री होती. पुढे काउंटर, मागे वाफेचे ढग सोडणाऱ्या इस्त्र्या, छताखाली दांडीला लटकलेले कोट आणि साड्या. एका पावसाळी संध्याकाळी ती कामावरून आली आणि काउंटरवर आईला मदत करायला उभी राहिली, तोच दार ढकलून ढगोबा आत शिरला. शिरताना डोक्यावरची घंटी त्याच्या कपाळावर आदळली, हे सांगायला नको. हातात एक पांढरा शर्ट होता.

"शाईचा डाग पडलाय," तो आईला म्हणाला. उद्घोषिकेकडे त्यानं पाहिलंही नाही. इतकं ठरवून पाहिलं नाही, की न पाहणं लगेच लक्षात यावं.

आईनं शर्ट दिव्याखाली धरला. उलटा केला, सुलटा केला. "कधी पडला?"

"परवा."

"परवाचा डाग अजून ओला कसा?"

ढगोबानं घंटी लागलेलं कपाळ चोळलं.

"आणि पेन फुटलं की खिसा भरतो. हा पाठीवर आहे." आई चष्म्यावरून बघायला लागली. "पाठीवर शाई ठेवता का तुम्ही?"

उद्घोषिकेला हसू आवरेना. ती गडबडीनं मागच्या वाफेत घुसली. पाठोपाठ आईचा आवाज आला, "भोंग्या, बाहेर ये! तुझ्याकडचंच गिऱ्हाईक दिसतंय हे."

लहानपणी ती इतक्या मोठ्यानं रडायची, की आईनं तिचं नावच भोंगा ठेवलं होतं. ढगोबानं ते ऐकलं आणि त्याचा चेहरा उजळला. आता आयुष्यभर हा आपल्याला चिडवणार, असं तिच्या मनात आलं. आणि 'आयुष्यभर' हा शब्द आपल्या डोक्यात आलाच कसा, या विचारानं ती दचकली. कारण तो शब्द तिचा एकदा वापरून झाला होता.

ते तिनं त्याला सांगितलं ते फुग्याच्या दिवशी. हवामान कक्षामागच्या मोकळ्या मैदानातून रोज एक मोठा पांढरा फुगा आकाशात सोडत, खाली यंत्राची छोटी डबी बांधून. "बघायला या ना," असं तो बरेच दिवस म्हणत होता. एका दुपारी दोन विमानांच्या मधल्या सवडीत ती गेली. वारा सुटला होता. फुगा तिच्या हातात असा ओढ घेत होता, की तिच्या टाचा उचलल्या जात होत्या.

"सोडू?"

"तुम्हाला वाटेल तेव्हा."

तिनं हात सैल केले. फुगा सर्रकन वर गेला. दोघं माना मागे टाकून पाहत राहिले. तो लिंबाएवढा झाला, मग मोत्याएवढा, मग...

"दिसतोय का अजून?" तिनं विचारलं.

"मला दिसतोय."

"मला नाही." तिनं नजर तरीही वरच ठेवली. मग एकदम म्हणाली, "माझं लग्न ठरलं होतं. गेल्या वर्षी."

त्यानं मान खाली आणली.

"मोडलं नाही ते," ती म्हणाली. "मोडलं असतं तर बरं झालं असतं. भांडलो असतो, रडले असते, संपलं असतं. आधी रोज फोन यायचा. मग एक दिवसाआड. मग 'कामात आहे'. मग नुसता अंगठा यायचा मेसेजला. आणि एक दिवस लक्षात आलं, की... काहीच नाहीये. कधी संपलं तेही सांगता येत नाही. विरलं. तुमच्या त्या शब्दासारखं."

वाऱ्यानं तिचे केस तोंडावर आले. ते बाजूला करायला त्याचा हात उचलला गेला, आणि अर्ध्यावरच थांबला.

"मी..." त्यानं सुरुवात केली.

"काही म्हणू नका," ती घाईनं म्हणाली. "अंदाज तर अजिबात वर्तवू नका. ऐकलेत मी ते." आणि ती भराभर चालत आपल्या काचेच्या खोक्यात जाऊन बसली.

त्यानंतरही तो रोज येत राहिला. कागद द्यायचा, मराठी ओळ दाखवायचा, एखादा विनोद करायचा. फुग्याचा विषय त्यानं काढला नाही. तिनंही नाही. पण सकाळी त्याला यायला जरा उशीर झाला, की तिची नजर दाराकडे जायची, आणि मग स्वतःचाच राग यायचा.

अशात एक दिवस पुन्हा धुकं आलं. साधंसुधं नव्हे; खिडकीबाहेर कुणी पांढरी चादर ताणून धरावी तसं. हॉल माणसांनी गच्च भरला. विमान कंपनीनं एक बस उभी केली होती; ज्यांना घाई असेल त्यांना ती शेजारच्या मोठ्या शहराच्या विमानतळावर सोडणार होती. जावं की थांबावं, लोकांचं ठरत नव्हतं. तेवढ्यात ढगोबाचा कागद आला: 'दुपारच्या आत धुकं विरेल.'

तिनं ते वाचलं. आणि का कोण जाणे, पदरचं एक वाक्य जोडलं, "आमच्या हवामान कक्षाचा अंदाज सहसा चुकत नाही."

तिच्या आवाजात असा काही विश्वास होता, की बहुतेक लोक निवांत बसले. बस जवळजवळ रिकामीच निघून गेली.

दुपार आली. धुकं हललंसुद्धा नाही. उलट जास्तच दाटलं. हॉलमध्ये आधी कुजबुज, मग कुरकुर, मग आरडाओरडा सुरू झाला. मॅनेजरसाहेब 'महत्त्वाच्या मीटिंगला' गुप्त झाले. गर्दी उद्घोषिकेच्या खोक्याभोवती गोळा झाली. "कुठंय तुमचा हवामान कक्ष?" "बस का जाऊ दिली?" ती पुन्हा पुन्हा मायक्रोफोनवर बोलत होती, समजावत होती, माफी मागत होती. घसा खरवडून निघाला होता.

गर्दीतून एक मावशी पुढे आल्या. त्या ओरडल्या नाहीत. काचेवर हात ठेवून एवढंच म्हणाल्या, "माझी मुलगी दवाखान्यात आहे गं. पहिलंच बाळंतपण. तुझा आवाज ऐकून थांबले मी."

तिनं हवामान कक्षाचा नंबर फिरवला. घंटी वाजत राहिली. पुन्हा फिरवला. पुन्हा तेच. ढगोबाच्या मोबाइलवर लावला; तोही कुणी उचलेना. तिचा हात हळूहळू खाली आला. हेच, तिला वाटलं. हे असंच असतं. सगळं छान असतं तोवर रोज यायचं, आणि वेळ आली की... नसायचंच.

तेवढ्यात बाहेर जोरात हॉर्न वाजला. दार उघडलं आणि गर्दीला कोपरांनी बाजूला सारत एक माणूस आत घुसला. चिंब भिजलेला, पँट गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेली, डोक्यावर हेल्मेट. हेल्मेट काढायचंही त्याला सुचलं नव्हतं.

"बस आणलीये," ढगोबा धापा टाकत म्हणाला. "परत. तळ्याकडून वारा फिरला, माझ्या लक्षात आलं उशिरा. इथे फोन केला तर लाइन सतत बिझी. मग मोटारसायकल काढली. डेपोत परतलेली बस गाठली. ड्रायव्हर जेवायला बसला होता, त्याला... जाऊ दे. जरा तो माइक देता?"

तिनं मायक्रोफोन त्याच्याकडे सरकवला. चारचौघांत बोलायचं म्हटलं की ज्याला घाम फुटायचा, त्या माणसानं तो दोन्ही हातांनी धरला.

"नमस्कार. सकाळचा अंदाज मी दिला होता. तो चुकला. या बाईंनी मी लिहिलं तेच वाचलं, त्यांचा काही दोष नाही. ओरडायचं असेल तर माझ्यावर ओरडा, मी इथेच उभा आहे. पण आधी ज्यांना घाई आहे त्यांनी बसमध्ये बसा. बाहेर उभी आहे. उरलेल्यांना खरं सांगतो, धुकं कधी विरेल ते मला आत्ता माहीत नाही. कळलं की स्वतः येऊन सांगीन."

एक जण तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला. दुसरा म्हणाला, "अहो, हेल्मेट तरी काढा," आणि दोघंतिघं हसले. मावशींनी आपली पिशवी उचलली आणि जाता जाता त्याच्या ओल्या बाहीवर हात ठेवला. कुणी बसकडे गेलं, कुणी चहाकडे, कुणी पुन्हा खुर्चीत जाऊन बसलं. गर्दी पांगली.

तो मात्र खरंच तिथेच उभा राहिला. खोक्याबाहेर, चिखलाच्या बुटांनिशी, येणाऱ्याजाणाऱ्याचं ऐकून घेत. कुणी टोमणा मारला, कुणी प्रश्न विचारले. तो मध्ये मध्ये बाहेर जाऊन आभाळ बघून यायचा आणि परत येऊन म्हणायचा, "अजून नाही." उद्घोषिका काचेआडून त्याच्याकडे पाहत होती. तिच्या डोळ्यांत पाणी कधी आलं, तिलाही कळलं नाही. नक्की कशाचं होतं तेही नाही... पण दुःखाचं नव्हतं.

उन्हं कलायला लागली तेव्हा तो धावत आत आला. "फाटतंय! तळ्याच्या बाजूनं फाटतंय!"

तिनं मायक्रोफोन ओढला, बटण दाबलं, तोंड उघडलं... आणि आवाजच फुटला नाही. नुसती हवा. दिवसभर ओरडून गळा पार बसला होता. ती खुणा करून त्याला सांगायला लागली. शेवटी त्यानंच घोषणा केली, तीही इतकी अडखळत, की विमानाचा नंबर दोनदा चुकला. लोकांनी त्यालाही टाळ्या दिल्या.

विमानं एकामागून एक उडाली. हॉल रिकामा झाला. कपाट बंद करून ती निघत होती, तेवढ्यात चौकशी खिडकीवरचा माणूस ओरडत आला, "त्या मावशींचा फोन होता! वेळेवर पोचल्या. नात झाली! तुम्हाला दोघांना सांगायला सांगितलंय."

दोघं एकमेकांकडे बघून असे हसले, जणू नात त्यांनाच झाली होती.

बाहेर आले तेव्हा संध्याकाळचं ऊन ओल्या रस्त्यावर पसरलं होतं. त्याची मोटारसायकल कुंपणाला टेकवलेली होती, चिखलानं ओळखू न येण्याइतकी माखलेली. तो किल्ली शोधायला लागला. या खिशात, त्या खिशात, परत या खिशात. किल्ली मोटारसायकललाच लटकत होती, ते तिनं बोटानं दाखवलं.

"हो... हो की." त्यानं किल्ली काढली, परत लावली. "एक बोलायचं होतं. तुम्हाला आज बोलता येत नाहीये, म्हणजे मध्ये तोडता येणार नाही, म्हणून आजच बोलून घेतो."

तिनं भुवया उंचावल्या.

"त्या दिवशी तुम्ही म्हणालात, अंदाज वर्तवू नका. बरोबर आहे. माझे अंदाज चुकतात, आज सगळ्यांनी पाहिलंच. पुढे काय होईल ते मला सांगता येत नाही. पण आत्ता काय आहे ते सांगता येतं, तेच माझं काम आहे. तर आत्ता... असं आहे की..." त्यानं सवयीनं वर पाहिलं. मग नजर खाली आणली आणि सरळ तिच्या डोळ्यांत ठेवली. "मला तुम्ही फार आवडता. हा अंदाज नाही. ही नोंद आहे. आणि माझं चुकेल, तेव्हा मी समोर येऊन सांगीन. तेवढं मला जमतं."

ती उभी राहिली. रस्त्यावरून एक सायकल गेली, घंटी वाजवत. कुंपणाच्या तारेवरून पाण्याचे थेंब एकेक करून गळत होते.

तिनं ओठ हलवले.

"काय?" तो म्हणाला. "ऐकू नाही आलं."

ती एक पाऊल पुढे आली. पुन्हा ओठ हलले, यावेळी थोडा घोगरा, फाटका आवाज निघाला.

"नाही हो... नीट नाही कळलं." तो वाकला. कान तिच्या तोंडाजवळ आणला. त्याच्या स्वेटरला ओल्या लोकरीचा आणि पेट्रोलचा वास येत होता, आणि तिला तो जगातला सगळ्यात चांगला वास वाटला. तिनं त्याच्या कानात तिसऱ्यांदा सांगितलं. तिच्या श्वासानं त्याचा कान लालभडक झाला.

"अजून एकदा," तो डोळे मिटून म्हणाला.

तिनं मागे सरून त्याच्याकडे पाहिलं. मिटलेल्या डोळ्यांखाली ओठांच्या कोपऱ्यांतून हसू फुटायला आलं होतं. तिनं त्याच्या दंडावर एक सणसणीत चापट मारली, आणि उरलासुरला सगळा गळा एकवटून ओरडली,

"ऐकू आलंय तुला!"

'तुला' म्हटल्यावर तिचं तिलाच कळलं, की आपण काय म्हणालो. तिनं तोंडावर हात ठेवला. त्यानं डोळे उघडले, आणि तो हात हळूच काढून आपल्या हातात घेतला.

"आलंय," तो म्हणाला. "चल, तुला घरी सोडतो."